डिसेबल केलेला रकाना परत उघडत नाही, आणि सेव्ह केल्यावर माहिती कोरी होते: असं का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे नक्की होईल. तुम्ही नागपुरातल्या एका कॉलेजचा ऑनलाइन प्रवेश-अर्ज तयार करताय. त्यात ‘प्रवर्ग’ असा ड्रॉपडाउन आहे. खुला प्रवर्ग निवडला की नॉन-क्रिमिलेअर दाखल्याचे तीन रकाने, म्हणजे क्रमांक, वैधतेची तारीख आणि दाखल्याची फाइल, बंद व्हायला हवेत. ओबीसी निवडला की ते उघडायला हवेत. तुमच्याकडे ते बंद होतात, पण परत उघडत नाहीत. ही पहिली तक्रार. दुसरी तुम्ही जाता जाता लिहिली आहे: ऑफिसमधल्या मॅडम जुना अर्ज उघडून दुरुस्ती करतात आणि सेव्ह करतात, तेव्हा विद्यार्थ्याचं नाव आणि शाखा कोरी होते. आणि शेवटी विचारलंय, की दाखल्याची फाइल निवडल्यावर कोणी प्रवर्ग बदलला तर त्या फाइलचं काय होतं.

पहिली तक्रार दोन ओळींत मिटेल. दुसरी जास्त गंभीर आहे, कारण तिथे लोकांची माहिती जातेय. दोन्हींचं मूळ मात्र एकच आहे. डिसेबल करणं म्हणजे रकान्याला करडा रंग देणं, असं आपण धरून चालतो. ब्राउझरच्या लेखी त्याचा अर्थ असा, की हा प्रश्न या माणसाला विचारलेलाच नाही. म्हणून तो त्या रकान्यावर कर्सर जाऊ देत नाही, त्याची तपासणी करत नाही, आणि फॉर्म सबमिट होताना त्यातलं उत्तर सर्व्हरकडे पाठवतही नाही. हा शेवटचा भाग ज्याच्या ध्यानात असतो, त्याचे फॉर्म सहसा बिघडत नाहीत.

आता पहिली तक्रार. तुम्ही दिलेल्या कोडमध्ये ‘सेट-अॅट्रिब्यूट’ वापरून डिसेबल्ड या अॅट्रिब्यूटला, म्हणजे रकान्याच्या एचटीएमएल टॅगमध्ये लिहिलेल्या गुणाला, ‘फॉल्स’ ही किंमत दिली आहे. एचटीएमएलमध्ये डिसेबल्ड हे असं अॅट्रिब्यूट आहे की ते नुसतं असणं पुरेसं असतं. त्याच्यापुढे ट्रू लिहा, फॉल्स लिहा की काहीच लिहू नका, रकाना बंदच राहणार. उघडायचा असेल तर अॅट्रिब्यूट काढून टाकावं लागतं. त्यापेक्षा सोपं म्हणजे जावास्क्रिप्टमधून एलिमेंटच्या डिसेबल्ड या प्रॉपर्टीला खरंखुरं ट्रू किंवा फॉल्स द्यायचं. अवतरणचिन्हांत नाही, कारण अवतरणचिन्हांतला ‘फॉल्स’ ही रिकामी नसलेली स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, आहे आणि तिचा अर्थ ट्रूच धरला जातो. जेक्वेरी ही जावास्क्रिप्टची तयार लायब्ररी वापरत असाल तर ‘अॅटर’ऐवजी ‘प्रॉप’ वापरा. २०११ साली जेक्वेरी १.६ मध्ये ‘प्रॉप’ आलं ते याच गोंधळामुळे. तरी जुन्या उत्तरांतून उचललेला ‘अॅटर’वाला कोड अजून फिरतोय, तुमचाही तसाच दिसतो.

एवढ्याने तुमचे रकाने उघडतील. पण इथे थांबलात तर दुसरी तक्रार तशीच राहील, म्हणून माझा एक अनुभव सांगते.

काही वर्षांपूर्वी नागपूरच्या कळमना बाजारातल्या एका संत्रा व्यापाऱ्यासाठी मी मालाच्या नोंदीचा फॉर्म केला होता. आंबिया बहाराचा हंगाम होता, रोज गाड्या येत होत्या. एकदा भाव ठरला की मुनीमजींनी तो बदलू नये, अशी मालकांची अट होती. मी ‘भाव ठरला’ या चेकबॉक्सवर भावाचा रकाना डिसेबल केला. पडद्यावर सगळं छान दिसत होतं. मुनीमजी नंतर त्याच नोंदीत गाडी नंबर दुरुस्त करायचे आणि सेव्ह करायचे. भाव डिसेबल असल्यामुळे तो सर्व्हरकडे जायचाच नाही, आणि माझा सर्व्हरचा कोड ‘जे आलं नाही ते रिकामं’ असं समजून डेटाबेसमधला भाव पुसून टाकायचा. हिशेब जुळेना तेव्हा चार दिवसांनी हे लक्षात आलं. तोवरच्या नोंदी कच्च्या वहीवरून पुन्हा भराव्या लागल्या. चूक पूर्णपणे माझी होती. त्या दिवसापासून रकाना बंद करायला सांगितलं की मी आधी विचारते: का बंद करायचा?

कारण ‘बंद’ या एका शब्दामागे लोकांच्या मनात वेगवेगळ्या गोष्टी असतात. कधी तो प्रश्न लागूच नसतो, जसा खुल्या प्रवर्गाला नॉन-क्रिमिलेअरचा. तिथे डिसेबल बरोबर आहे, कारण उत्तर जाऊच नये असं आपल्यालाही वाटतं. कधी उत्तर लागू असतं, पण या माणसाने बदलायचं नसतं. माझ्या मुनीमजींचा भाव हा त्यातला, आणि तुमच्या मॅडमच्या पडद्यावरचं नाव आणि शाखाही त्यातलीच. तुम्ही नक्की ती डिसेबल करून ठेवली आहेत. तिथे ‘रीडओन्ली’ हवं. रीडओन्ली रकान्यावर कर्सर जातो, मजकूर निवडून कॉपी करता येतो, आणि किंमत सबमिटही होते.

अडचण एवढीच, की रीडओन्ली फक्त टाइप करायच्या आणि तारखेसारख्या रकान्यांना चालतं. ड्रॉपडाउन, चेकबॉक्स, रेडिओ आणि फाइल यांना ते लागू होत नाही. ब्राउझर ते मुकाट्याने दुर्लक्षित करतो. तुमचं नाव टेक्स्टमध्ये आहे, पण शाखा ड्रॉपडाउनमध्ये आहे. बरेच जण अशा वेळी ड्रॉपडाउन डिसेबल करून शेजारी तीच किंमत असलेला एक हिडन, म्हणजे न दिसणारा, रकाना ठेवतात. चालतं ते, पण मला पटत नाही. जी गोष्ट या माणसाने बदलायचीच नाही, ती फॉर्ममधून परत घ्यायचीच कशाला? मी अशी माहिती पडद्यावर साध्या मजकुरासारखी छापते, आणि सेव्ह करताना सर्व्हर त्या रकान्याला हातच लावत नाही. ब्राउझरमधलीच डेव्हलपर टूल्स उघडून रीडओन्ली किंवा डिसेबल्ड काढायला दहा सेकंद लागतात. म्हणून ही कुलपं म्हणजे मदत आहे, बंदोबस्त नाही. बंदोबस्त सर्व्हरवरच करावा लागतो.

आता तुमच्या मूळ कोडच्या रचनेकडे येते. तुम्ही प्रत्येक पर्यायासाठी वेगळी फांदी लिहिली आहे: ओबीसी झालं तर हे उघड, खुला झालं तर हे बंद कर, आणि एके ठिकाणी ‘आहे त्याच्या उलट कर’. ती उलट करण्याची ओळ आधी काढा. ती आधीच्या स्थितीवर विसंबते, आणि आधीची स्थिती आपल्याला वाटते तशी नेहमी नसते. फायरफॉक्स पान रिफ्रेश केल्यावर भरलेल्या किमतीच नव्हे, तर स्क्रिप्टने केलेलं डिसेबल्डसुद्धा लक्षात ठेवतो. म्हणजे पान ताजं दिसतं, पण रकाना आधीच बंद असतो, आणि तुमची ‘उलट कर’ त्याला नेमकं चुकीच्या वेळी उघडते.

मी एकच फंक्शन लिहिते. ते फॉर्ममधली आत्ताची उत्तरं वाचतं आणि त्यावरून प्रत्येक रकान्याची स्थिती नव्याने ठरवतं. कितीही वेळा चालवा, उत्तर तेच. मराठीत लिहायचं तर ते एवढंच आहे:

दाखला लागतो = प्रवर्ग हा ‘दाखला लागणाऱ्या प्रवर्गां’च्या यादीत आहे का?
दाखल्याच्या गटाचं डिसेबल्ड = दाखला लागत नाही

यादी म्हणजे कोडमधली साधी अॅरे, एकापाठोपाठ एक लिहिलेली नावं. प्रवर्गांची नावं अटींमध्ये विखरून ठेवू नका. आपल्याकडे नॉन-क्रिमिलेअर ओबीसी, विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गाला लागतं, अनुसूचित जाती आणि जमातींना लागत नाही. नवशिके हमखास ‘खुला सोडून सगळे’ अशी अट लिहितात, आणि मग एससीचा विद्यार्थी त्याच्याकडे नसलेल्या, आणि त्याला नको असलेल्या, दाखल्यापाशी अडकतो. नेमकी यादी कॉलेजच्या प्रवेश विभागाकडून लेखी घ्या, आणि ती एका जागी ठेवा.

वर ‘गट’ म्हटलं त्याचं कारण असं, की तीन रकाने एकेक करून बंद करायची गरज नाही. त्यांना एका ‘फील्डसेट’मध्ये, म्हणजे रकान्यांचा गट करणाऱ्या एचटीएमएल टॅगमध्ये, ठेवा आणि फील्डसेटलाच डिसेबल करा, आतलं सगळं बंद होतं. उद्या चौथा रकाना वाढला तरी जावास्क्रिप्टला हात लावावा लागत नाही. दोन बारकावे मात्र ध्यानात असू द्या. फील्डसेटच्या पहिल्या ‘लीजंड’मध्ये, म्हणजे गटाच्या शीर्षकात, ठेवलेलं चेकबॉक्स चालूच राहतं. गट उघडण्या-मिटण्याची कळ तिथे ठेवता येते. आणि फील्डसेट बंद असताना आतल्या एखाद्या रकान्याची डिसेबल्ड प्रॉपर्टी विचाराल तर उत्तर फॉल्सच येईल, कारण त्याच्या स्वतःच्या अंगावर ते नाही. खरी स्थिती विचारायची असेल तर ‘मॅचेस’ वापरून डिसेबल्ड या सीएसएस सिलेक्टरशी पडताळा.

‘रिक्वायर्ड’बद्दल, म्हणजे रकाना भरणं सक्तीचं करणाऱ्या अॅट्रिब्यूटबद्दल, तुम्ही विचारलं नाही, पण कोडमध्ये ते लावण्या-काढण्याची कसरत दिसली. ती नको. डिसेबल्ड रकाना ब्राउझरच्या तपासणीतून आपोआप वगळला जातो, म्हणून रिक्वायर्ड एचटीएमएलमध्ये कायम राहू द्या. कसरत लागते ती लोक रकाना नुसता सीएसएसने लपवतात तेव्हा. लपलेला पण रिक्वायर्ड असलेला रिकामा रकाना सबमिट अडवतो, आणि ब्राउझरला त्यावर संदेशही दाखवता येत नाही. विद्यार्थी बटण दाबत राहतो आणि काहीच होत नाही. लपवायचं असेल तर लपवा, पण सोबत डिसेबलही करा.

हे फंक्शन कधी चालवायचं, यातच बहुतेकांचं अर्धं राहून जातं. बदल झाला की, हे सगळे करतात. तिथेही रेडिओ बटणांची एक खोच आहे: ‘चेंज’ हा बदल कळवणारा इव्हेंट फक्त नव्याने निवडलेल्या बटणावर येतो, निवड सुटलेल्या बटणावर येत नाही. तुम्ही ‘ओबीसी’च्या रेडिओवरच कान लावून बसलात तर ‘खुला’ निवडल्याचं तुम्हाला कळणारच नाही. म्हणून मी प्रत्येक रकान्यावर न ऐकता फॉर्मवरच एकदा ऐकते, चेंज वरपर्यंत पोचतो. चेकबॉक्स असेल तर त्याची व्हॅल्यू वाचू नका, ती टिक असो वा नसो सारखीच असते. चेक्ड वाचा. टाइप करायच्या रकान्यावर अट असेल तर ‘इनपुट’ ऐका, कारण तिथे चेंज सहसा रकान्यातून बाहेर पडल्यावर येतो.

त्याखेरीज पान उघडताना एकदा चालवायचंच, कारण दुरुस्तीच्या पानावर प्रवर्ग आधीच भरलेला असतो. मागे जाऊन परत आल्यावरही, त्यासाठी ‘पेजशो’ हा पान दिसताना येणारा इव्हेंट ऐका. रीसेट बटण असेल तर रीसेट झाल्यावर. रीसेटचा इव्हेंट किमती बदलायच्या आधी येतो, म्हणून शून्य मिलिसेकंदांच्या ‘सेट-टाइमआउट’मध्ये चालवा, म्हणजे ते किमती बदलून झाल्यावर चालेल. आणि तुमच्याच स्क्रिप्टने एखादी किंमत भरली असेल, समजा सर्व्हरवरून विद्यार्थ्याची जुनी माहिती आणून, तर त्यानंतरही हाताने बोलवा. स्क्रिप्टने भरलेल्या किमतीवर चेंज येत नाही.

रकान्यांची सुरुवातीची स्थिती एचटीएमएलमध्ये उघडीच ठेवा, बंद करायचं काम स्क्रिप्टला करू द्या. रामटेक-काटोलकडची मुलं मोबाइलवर, कमी रेंजमध्ये हा अर्ज भरणार. स्क्रिप्टची फाइल आली नाही तर जास्तीचे तीन रकाने दिसतील, एवढंच. उलट केलंत तर ओबीसीच्या मुलाला दाखला भरताच येणार नाही, आणि शेवटची तारीख निघून जाईल.

इथपर्यंत ब्राउझरचं झालं. सर्व्हरवर हाच नियम पुन्हा लिहावा लागतो, त्यातून सुटका नाही. प्रवर्ग यादीत आहे आणि दाखल्याचा क्रमांक आला नाही, तर अर्ज परत पाठवा. प्रवर्ग यादीत नाही, तर क्रमांक आला असला तरी तो घेऊ नका. आणि दुरुस्तीच्या पडद्यावर ‘रकाना आला नाही’ आणि ‘रकाना रिकामा आला’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्व्हरवर पीएचपी असेल तर पहिल्या वेळी त्या रकान्याच्या नावाची नोंद आलेल्या माहितीत (पोस्टमध्ये) नसतेच, दुसऱ्या वेळी असते आणि आत रिकामी स्ट्रिंग असते. जो रकाना आलाच नाही त्याला डेटाबेस बदलणाऱ्या अपडेटच्या क्वेरीत घेऊ नका, आणि जो नियमानुसार रिकामा व्हायला हवा तो नियमानेच रिकामा करा. टिक न केलेला चेकबॉक्सही येत नाही, त्याचा मात्र अपवाद वेगळा सांभाळा. तुमची दुसरी तक्रार इथेच मिटेल.

मुलाने ओबीसी निवडून क्रमांक टाकला, मग प्रवर्ग बदलला, तर क्रमांक पुसायचा का? मी पुसत नाही. बोट चुकून दुसऱ्या पर्यायावर पडलं असेल तर परत येताच त्याचा क्रमांक जागेवर असतो, आणि रकाना बंद असेतो तो जातही नाही. काही ठिकाणी बंद रकान्यात जुनी किंमत दिसणं लोकांना गोंधळात टाकतं, विशेषतः कार्यालयात प्रिंट काढून तपासतात तिथे. तसं असेल तर बंद असताना गट लपवा, किंमत तशीच राहू द्या.

लपवायचं की करडं ठेवायचं, हे फॉर्म कोण भरतं त्यावर अवलंबून आहे. विद्यार्थी स्वतः मोबाइलवर भरत असेल तर मी लपवते. लहान पडद्यावर बंद रकान्यांवरून बोट फिरवत राहायला कोणाला आवडेल? पण सीताबर्डीतल्या एखाद्या नेट कॅफेत किंवा सेतू केंद्रात ऑपरेटर समोर कागदी अर्ज ठेवून दिवसभर भरत असेल, तर रकाने जागचे हलता कामा नयेत. त्याचा हात क्रमाला सरावलेला असतो, कागदावर सातवा रकाना तो पडद्यावरही सातवा हवा. तिथे करडं ठेवा आणि शेजारी उघड्या शब्दांत कारण लिहा: ‘निवडलेल्या प्रवर्गासाठी लागू नाही’. हे वाक्य टूलटिपमध्ये टाकू नका. बंद रकान्यावर टॅबने जाता येत नाही, मोबाइलवर माउस नसतो, आणि स्क्रीन रीडर वापरणारा तर टॅब दाबत पुढे निघून जातो, त्याला तो रकाना होता हेही कळत नाही.

आणखी एक गोष्ट कॉलेजला विचारा. खूप मुलांकडे प्रवेशाच्या वेळी दाखला नसतो, दाखल्यासाठी अर्ज केल्याची पावती असते. कॉलेज पावती चालवत असेल तर तुमचा नियम दोन पर्यायांचा राहत नाही. ‘दाखला आहे’ आणि ‘पावती आहे’ अशी एक निवड प्रवर्गाखाली येते, आणि पावती निवडली की वैधतेच्या तारखेचा रकाना बंद होतो. वरच्या फंक्शनमध्ये ही एका ओळीची भर आहे. फांद्या-फांद्यांच्या कोडमध्ये ती सहा ठिकाणी करावी लागली असती.

सबमिट बटण सगळं भरेपर्यंत बंद ठेवलंय, ते उघडं ठेवा. बंद बटण काय चुकलं ते सांगत नाही, दाबलेलं बटण सांगतं. दोनदा दाबलं जाऊ नये म्हणून बंद करायचं असेल तर क्लिकमध्ये करू नका, तिथे केलं तर सबमिटच अडू शकतो. सबमिट इव्हेंटमध्ये करा. पण तुमच्याकडे ‘मसुदा जतन करा’ आणि ‘अर्ज सादर करा’ अशी दोन बटणं आहेत, आणि सबमिट इव्हेंटमध्ये बंद केलेल्या बटणाचं नाव आणि किंमत जात नाही, तेही शेवटी डिसेबल्डच. सर्व्हरला कळणार नाही कोणतं दाबलं. तिथे मी बटण तसंच ठेवून एका व्हेरिएबलमध्ये ‘पाठवणं सुरू आहे’ अशी खूण ठेवते आणि दुसरा सबमिट थांबवते. पेजशोमध्ये ती खूण पुसायला विसरू नका, नाहीतर मागे आलेल्या मुलाला पुन्हा सबमिट करताच येत नाही.

राहिला फाइलचा प्रश्न. फाइल नुसती निवडलेली असेल आणि मग गट बंद झाला, तर ती जाणार नाही. गट परत उघडला की निवडलेली फाइल तिथेच असेल. पण तुमच्या कोडमध्ये फाइल निवडताच ती मागच्या मागे अपलोड होते, असं दिसतंय. तसं असेल तर दाखला सर्व्हरवर आधीच पोचला आहे, आणि रकाना बंद केल्याने तो परत येणार नाही. अपलोडला तात्पुरत्या फोल्डरमध्ये ठेवा, अर्ज सादर होताना वरचा नियम लावून हवा तोच दाखला अर्जाला जोडा, आणि राहिलेल्या फाइल रोज रात्री काढून टाका. त्यावर मुलांची नावं आणि जात लिहिलेली असते, नको असलेली एकही प्रत तिथे पडून राहू देऊ नका.